बॉनेटवरची हळद

परवा सकाळी जाग आली तेव्हा घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फ्रिज सुरू होता, नवरा शेजारी घोरत होता, सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं की एसीचा आवाज नाही. अविनाशने कधीतरी उठून तो बंद केला होता आणि खिडकी उघडली होती. एप्रिलपासून घट्ट बसलेली ती खिडकी, तिच्या फटीत साचलेली वाळूची बारीक रेघ, आणि तिच्यातून आत आलेली हवा. तिला गार म्हणणं म्हणजे तिचं जरा जास्तच कौतुक झालं. पण ती गरम नव्हती. अबू धाबीत ऑक्टोबरमध्ये माणसाला एवढं पुरतं.

तिकडे भारतात सगळे पावसाची वाट बघतात, आम्ही या सकाळची बघतो. इथला उन्हाळा बंद दारांमागे काढायचा असतो. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून पुन्हा घरात. मधल्या चार पावलांत सूर्य हिशेब चुकता करून घेतो. आणि मग एक दिवस खिडकी उघडते. समोरच्या व्हिलातली मुलं बाहेर येऊन आरडाओरडा करायला लागतात, कोणीतरी कोळशावर मांस भाजायला घेतं, साळुंक्या भिंतीवर भांडतात, आणि वीस अंश तापमानात आमच्यासारखे पुणेकर निर्लज्जपणे स्वेटर घालतात. दसऱ्याच्या सुमाराला हा मोसम येतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास निघून जातो. पंचांगाने आमच्यासाठीच बेतून दिल्यासारखा.

दर वर्षी खिडकी उघडली की मला एकच हिवाळा आठवतो. मंदीचा. जगाने त्या हिवाळ्याला काय काय नावं ठेवली, अर्थतज्ज्ञ टीव्हीवर बसून कपाळाला हात लावत होते. मला मात्र तो आठवला की आधी नाकात हळदीचा वास येतो, आणि त्यामागून जुन्या पेट्रोलचा.

हळदीचं कारण मी, पेट्रोलचं कारण माझी सवत.

सवत सदुसष्ट सालची होती. रंगाने सायीसारखी, नाक लांब, मागची बाजू आखूड. नाव मस्टँग. अविनाश पुण्यात इंजिनिअरिंगला होता तेव्हा हॉस्टेलच्या भिंतीवर इतर मुलांनी नट्या लावल्या होत्या, याने रद्दीतल्या परदेशी मासिकातून कापलेलं हिचं चित्र लावलं होतं. लग्न ठरताना ही गोष्ट त्याने मला कौतुकाने सांगितली. तेव्हा मला ती निरागस वाटली होती. चित्र आहे म्हटलं, काय करणार आहे.

मग दोन हजार आठचा उन्हाळा आला. सगळीकडे क्रेन उभ्या, रोज नवा टॉवर, ज्याला त्याला बढती. अविनाश एका कंत्राटदार कंपनीत एसीच्या डक्टचं काम बघायचा. त्याच कामासाठी तो दुबईला रास अल खोरच्या वर्कशॉपांमध्ये गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "तू बसली आहेस का?"

मला वाटलं अपघात झाला. एका अर्थी झालाच होता.

एका गॅरेजच्या मागच्या अंगणात, धुळीत बोटाने लोकांनी नावं लिहिलेल्या अवस्थेत, ही उभी होती. कोण्या गोऱ्या माणसाने हौसेने आणलेली, आता तो मायदेशी परत चाललेला. आमच्या घरात दिरहमचा आकडा उच्चारला की पाठोपाठ रुपयातला यायलाच हवा, टोमॅटो असोत नाहीतर सोनं. त्या दिवशी अविनाशने दिरहम सांगितले आणि तो थांबला. "आणि रुपयात?" मी विचारलं. "नेटवर्क जातंय गं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

ती घरी आली आणि माझं शिक्षण सुरू झालं. चहा पिताना, भाजी निवडताना, रेवाचा अभ्यास घेताना, मला तिचा इतिहास ऐकावा लागायचा. रेवा आमची मुलगी, तेव्हा तिसरीत होती. युद्धानंतर अमेरिकेत जन्मलेली पोरं चौसष्टच्या सुमाराला वयात आली. त्यांना बापाची बोटीएवढी गाडी नको होती आणि शर्यतीची परवडत नव्हती. तेव्हा डेट्रॉइटमधल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की घरगुती, साध्या गाडीचाच सांगाडा घ्यावा आणि त्यावर असं अंग चढवावं की बघणाऱ्याने मान वळवावी. इंजिन लहान घ्या, मोठं घ्या. छत घ्या, उघडी घ्या. ऑफिसात टाईप करणारी मुलगीही घेईल आणि निवृत्त मास्तरही. लोकांनी शोरूमबाहेर रांगा लावल्या. जाळीवर धावता घोडा होता, तिच्यामागोमाग इतर कंपन्यांनी तशाच गाड्या काढल्या, आणि त्या अख्ख्या जातीलाच तट्टांची जात म्हणायला लागले.

"म्हणजे आतून आमटीभातच," मी म्हटलं, "फक्त पंगतीत लग्नाच्या पानावर वाढलेला."

अविनाशने माझ्याकडे असं बघितलं की जणू इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलले होते. "हेच तर!" तो म्हणाला. "हेच तर तिचं वैशिष्ट्य आहे!"

आणखी एक गोष्ट त्याने मला शिकवली, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं, म्हणून सांगते. जुन्या गाड्या जमवणारी जी मंडळी असतात, त्यांना चकचकीत गाडीचं कौतुक नसतं. चकचकीत काय, कोणीही पैसे टाकून करून घेईल. त्यांना हवा असतो मूळ रंग. कारखान्यात पहिल्यांदा चढला तोच, मग तो फिका पडलेला असो, खडूसारखा झालेला असो. रंग एकदाच मूळ असतो, असं अविनाश म्हणायचा. आमच्या सवतीच्या अंगावर तो तसा होता. नव्या गाड्यांच्या रंगावर वरून पारदर्शक थर असतो, तसा हिच्यावर नव्हता. हात फिरवला तर तळव्याला पांढरी पूड लागायची. अविनाश तिला पॉलिशसुद्धा लावायचा नाही. जाडजूड आच्छादन घालून शेडमध्ये ठेवायचा आणि वेळी-अवेळी ते उचलून बघून यायचा. झोपलेल्या बाळाची दुलई बघावी तसा.

आणि मग दसरा आला.

"पूजा तूच कर," अविनाश म्हणाला. "माझे बाबा कारखान्यातल्या लेथची करायचे ना, तशी. साग्रसंगीत."

झेंडूसाठी तो दुबईला जाऊन आला. आपट्याची पानं कोणीतरी पुण्याहून वहीत घालून आणली होती, चुरगळलेली, पण होती. नारळ क्रोमच्या बंपरजवळ फोडायचा नाही, लांब भिंतीशी फोडायचा, असा हुकूम झाला. चाकाखाली लिंबू ठेवलं. घोड्याच्या कपाळाला कुंकू लावलं, घोडा क्रोमचा, त्यामुळे तो छान दिसायला लागला. आणि मग आमच्या माहेरी बाबांच्या स्कूटरला करायचो तसंच, हळद चांगली ओली कालवून, बॉनेटच्या मधोमध मी पाची बोटं ओढली.

अविनाश हात जोडून उभा होता. आरती झाली, पेढा झाला. मग तो ओलं फडकं घेऊन हळद पुसायला गेला आणि पुसतच राहिला.

खडूसारख्या त्या रंगाने हळद पिऊन टाकली होती. बाबांची स्कूटर एका फडक्यात साफ व्हायची. ही होईना. अविनाशचा चेहरा उतरत गेला. मग तो एकदम आत पळाला आणि मगमध्ये कपड्यांची पावडर कालवून घेऊन आला.

"साबण नको!" मी ओरडले. "अरे, लाल होईल!"

पण इंजिनिअर माणसाने हळदीच्या हातांनी कपडे कधी धुतले आहेत? त्याने मगातलं पाणी ओतलं, आणि पाच पिवळी बोटं डोळ्यांदेखत रक्तासारखी लाल झाली. बॉनेटवर जणू कोणाचा खून झाला होता. रेवा रडायला लागली. अविनाश नुसता उभा. मी चाकाखालचं लिंबू उचललं, किचनमधून सुरी आणली आणि अर्धं लिंबू तिथे चोळलं. बोटं परत पिवळी झाली. तेवढंच माझ्या हातात होतं. पुढे दह्याचा प्रयोग झाला, बेसनाचा झाला. गाडीला उटणं लावून झालं, पण हळद हलली नाही.

चूक म्हणावी तर कोणाची? पूजा त्याला हवी होती, हळद मला सवयीची होती. अमेरिकेत बनलेल्या त्या गाडीने चाळीस वर्षांत बर्फ बघितला असेल, वाळू बघितली असेल, पण मराठी माणूस तिने बघितला नव्हता. आमच्यात अबोला तेवढा झाला. आच्छादन पुन्हा चढलं आणि हळद त्याच्याखाली अंधारात सुखाने राहिली.

तोपर्यंत बाहेर वारं फिरलं होतं. सुरुवातीला ते अमेरिकेतल्या बँकांचं काहीतरी होतं, पेपरातलं. मग क्रेन थांबायला लागल्या. रात्रंदिवस हलणाऱ्या त्या लांबलचक माना एका जागी स्थिर दिसायला लागल्या आणि आकाश शांत वाटायला लागलं. शुक्रवारच्या पार्ट्यांमध्ये कोण येणार यापेक्षा कोण जाणार याच्याच चर्चा. विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या किल्लीसकट सोडून जातात म्हणे, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. विमानतळाजवळच्या आमच्या खलिफा सिटीवरून विमानं खाली उतरतात आणि वर जातात. त्या हिवाळ्यात मला फक्त जाणारी ऐकू यायची.

मी ती मंदी तुळशींवर मोजली. घर आवरताना फ्रिज विकता येतो, सोफा विकता येतो, पण तुळस विकायची कशी आणि टाकायची कशी? मग निघणारं प्रत्येक मराठी कुटुंब कुंडी घेऊन आमच्या दारात यायचं. "वहिनी, तेवढं पाणी घाला. परत आलो की नेऊ." माझ्या अंगणाच्या भिंतीशी तुळशींची रांग लागली. कुणाची कृष्णतुळस, कुणाची वाळकी, कुणाची डालड्याच्या डब्यातली. रोज सकाळी पाणी घालताना मला वाटायचं, आपली कुंडी आपण कोणाकडे ठेवणार?

जानेवारीत अविनाशची नोकरी गेली. मार्चअखेरपर्यंत व्हिसा ठेवू, एवढी माणुसकी कंपनीने दाखवली.

तो काही रडला-बिडला नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, आच्छादन अर्धं मागे करायचा आणि शेडमध्येच गाडीत जाऊन बसायचा. दार उघडं, एक पाय बाहेर. तिथूनच अर्ज, तिथूनच फोन. "येस सर, आय अॅम अव्हेलेबल इमिजिएटली." मी खिडकीतून चहा द्यायची. आतमध्ये जुन्या रेक्झिनचा, उन्हात तापलेल्या रबराचा, पेट्रोलचा वास भरलेला असायचा. एकदा मी शेजारच्या सीटवर बसले. पुढे ते लांब बॉनेट पसरलेलं, टोकाला भिंत, आणि मधोमध माझी पाच बोटं. तो म्हणाला, "इथे बसलं ना, की मी अजून कोणीतरी आहे असं वाटतं."

त्या दिवसापासून ती माझी सवत राहिली नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो म्हणाला, "मी विचार केलाय. विकू या."

काय बोलणार? भाड्याचा चेक पुढ्यात होता, शाळेची फी होती. गाडी विकली गेली असती तर नवी नोकरी मिळेपर्यंत आम्ही तग धरला असता, रेवाची शाळा सुटली नसती. पण गाडी गेल्यावर सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस बसणार कुठे, हा प्रश्न माझ्या मनातून हलेना.

घेणारे अल ऐनहून आले. अबू राशिद. साठीच्या पुढचे, अंगात पायघोळ, पांढरी शुभ्र कंदुरा, हातात जपमाळ. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी आमच्याहून फर्डी. त्यांच्याकडे जुन्या अमेरिकन गाड्यांनी भरलेली एक अख्खी शेड आहे, असं ओळखीच्यांनी सांगितलं होतं. अविनाश बॉनेट उघडायला गेला तर म्हणाले, "इंजन बाद में, हबीबी. पहले दरवाजा खोलो." आत डोकं घालून त्यांनी डोळे मिटले आणि नुसता वास घेतला. मग रंगावर हात फिरवला, तळव्यावरची पांढरी पूड बघितली आणि खूश झाले. आणि मग त्यांना ती बोटं दिसली.

"ये क्या है?"

अविनाशने सगळं सांगितलं. दसरा, पूजा, लिंबू, साबण. काही लपवलं नाही. अबू राशिद वाकून वाकून बघत होते. "कुरकुम!" त्यांनी हळदीचं अरबी नाव घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. "मेरी अम्मा भी हर चीज पे कुरकुम लगाती थी. गाडी पे नहीं लगाया, क्योंकि गाडी नहीं थी." मग गंभीर झाले. पॉलिश लावायचं नाही, औषध लावायचं नाही. फक्त ऊन द्यायचं. "धूप में रखो. ये जाएगा. मैं बाहर जा रहा हूँ, आके देखूँगा. रंग साफ, तो गाडी मेरी. इन्शाल्ला."

अविनाशने मान डोलावली. त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो मला म्हणाला, "बघ, ऊन! हे आपल्याला सुचलंच नाही."

मला सुचलं होतं. हळदीची साडी उन्हात टाकली की डाग उडतो, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. दसऱ्याच्या दिवशी तो गाडीवर आच्छादन चढवत होता तेव्हा सांगणारही होते, पण अबोला होता. नंतर, विकायची गोष्ट निघाल्यावर मात्र, मी मुद्दामच बोलले नाही.

पहिल्या दिवशी त्याने गाडी शेडबाहेर काढून, नाक पुढे करून, लख्ख उन्हात उभी केली. संध्याकाळी बघते तर बोटं अर्धी विरलेली. आणखी एक दिवस, की संपलं. भाजी चिरताना मला काही सुचेना. नवऱ्याची गाडी विकली जाणार म्हणून नाही, तर नवऱ्याचं काहीतरी विकलं जाणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत कोणाला तरी भेटायला गेला, आमच्या रोजच्या, दुसऱ्या गाडीने. मी वाटीत हळद कालवली, बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि जुन्या खुणांवरून अलगद पाच बोटं ओढली.

तो दुपारी आला, गाडीभोवती फिरला. "चांगलीच मुरलीय," म्हणाला.

"सांगलीची आहे," मी म्हटलं.

त्यानंतर एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटली नाही. अविनाश गाडी उलटी लावायला लागला. तोंड शेडच्या आत, डिकी उन्हात. मी विचारलं तर म्हणाला, "सगळ्या रंगाला सारखं ऊन मिळायला हवं. मागची बाजू वेगळी दिसली तर?" इंजिनिअर माणूस, असेल काही पद्धत, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते सोयीचंच होतं. तो रोज डिकीला ऊन देत होता, मी अधूनमधून बॉनेटला हळद देत होते, आणि दोघंही एकमेकांना सांगत होतो की बघू या, जाईल, इन्शाल्ला जाईल. सकाळी धुकं पडायचं, विमानतळावरचे दिवे पिवळट दिसायचे, तुळशींवर दव असायचं. बाहेर माणसं सामान बांधत होती आणि आमच्या अंगणात हा खेळ चालला होता. लग्नानंतर इतकं एकमेकांवर लक्ष ठेवून आम्ही क्वचितच राहिलो असू.

अबू राशिद नेमके पाडव्याच्या दिवशी आले. दारात गुढी होती, घरात श्रीखंडपुरीचा बेत होता. त्यांनी गुढी कौतुकाने बघितली आणि ते शेडकडे वळले. गाडीची डिकी उन्हात चमकत होती. नाक आत सावलीत. ते आत गेले, वाकले, आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. बोटं पहिल्यापेक्षा ठसठशीत पिवळी होती.

"धूप में रखा था?" त्यांनी विचारलं.

"रखा था," अविनाश म्हणाला.

"रोज," मी म्हटलं.

आणि तेव्हा रेवा, हातात पुरी, तोंडाला श्रीखंड, अगदी सरळपणे म्हणाली, "नो, बाबा पार्क्स इट बॅकवर्ड्स. अँड आई पुट्स न्यू हळद व्हेन ही गोज आउट."

मी अविनाशकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते, माझे झालेच असणार. पाहुण्यासमोर, सणाच्या दिवशी, दोघंही रंगेहाथ सापडलेलो. मग तो हळूच म्हणाला, "तू? तुला तर ती आवडत नव्हती."

"तुला आवडते ना," मी म्हटलं. एवढं बोलले आणि मला रडू आलं. पाहुण्यांसमोर रडू नये वगैरे सगळं मला माहीत होतं, तरी आलं.

अबू राशिद रागावले नाहीत. शेडच्या कडेला एक स्टूल होतं, त्यावर बसले आणि जपमाळ खिशात ठेवली. म्हणाले, त्यांच्याकडेही अशी एक होती. लाल. रस्ते नीट झाले नव्हते तेव्हाची, वाळूत रुतायची आणि चार जण ढकलायचे. मुलगा झाला, घर बांधायचं होतं, विकली. "उसके बाद बहुत खरीदा. शेड भर गया. मगर हबीबी, जो मैंने बेचा, वो उसमें नहीं है. बाकी सब तो उसका पडोसी है."

मग उठले, अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास. ये बेचने का गाडी नहीं है. तुमने गाडी को नहीं, डिकी को धूप दिया. मुझे झूठ बोला, लेकिन अच्छा झूठ बोला." आणि माझ्याकडे वळून, "बहन, कुछ खिलाओ. अल ऐन बहुत दूर है."

त्यांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. ते गेल्यावर मात्र आम्ही दोघं शेडमध्ये उभे होतो आणि आता काय, हा प्रश्न तिसरा होऊन आमच्यात उभा होता. अविनाशनेच उत्तर दिलं. "दुसरी गाडी विकू. एसीवाली."

तेच केलं. मुसफ्फातल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात त्याला पहिल्यापेक्षा खालच्या जागेवर काम मिळालं, आधी ज्याला तो नको म्हणत होता तेच. आम्ही लहान जागेत गेलो, तुळशींसकट. आणि त्या उन्हाळ्यात माझा नवरा रोज त्या लांब नाकाच्या सुंदरीतून मुसफ्फाला गेला. कारखान्यातून ती निघाली तेव्हा पहिल्या मालकाला एसीची गरज वाटली नव्हती. तो कुठल्यातरी थंड गावचा असणार. जूनमध्ये, खिडक्या खाली, मानेवर ओला नॅपकिन, मांडीवर बर्फाची पिशवी. संध्याकाळी तो उकडलेल्या बटाट्यासारखा घरी यायचा. पाठभर घामोळं. सिग्नलला शेजारच्या काळ्या काचांच्या गाड्यांमधून लोक फोटो काढायचे आणि अंगठा वर करायचे. "सगळे माझ्यावर जळतात," तो म्हणायचा. "आणि तू आतल्या आत," मी पाठीला पावडर लावत म्हणायची. तो इतका हसायचा की पावडर सगळी माझ्या अंगावर उडायची. आमच्या संसारातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, असं मी म्हटलं तर रेवा आजही डोळे फिरवते.

ओसरली मंदी. क्रेन पुन्हा हलायला लागल्या. काही जण परत आले. कुंडी मात्र कोणी मागितली नाही आणि मीही आठवण केली नाही. नंतर दुसरी गाडी आली, एसीवाली, नाव आठवू नये अशी. रेवा शिकायला गेली, नोकरीला लागली. मस्टँगची किंमत आता म्हणे कुठच्या कुठे गेली आहे. मध्यंतरी एका प्रदर्शनात एक तरुण मुलगा गाडीभोवती फिरून अविनाशला म्हणाला, "अंकल, पेंट तर जबरदस्त ओरिजिनल आहे. तेवढा तो पिवळा डाग घालवा. दोन दिवस उन्हात ठेवली तरी जाईल."

"हो का?" अविनाश म्हणाला. "सुचलंच नाही आम्हाला."

दर दसऱ्याला सकाळी फोन येतो. अबू राशिद आता फार थकले आहेत, आवाज दूरवरून आल्यासारखा वाटतो. लाल गाडी त्यांना अजून मिळालेली नाही, शोध चालू आहे. परवा, ती खिडकी उघडली त्या दिवशीच दसरा होता. मी झेंडूचा हार ओवत बसले होते. फोन वाजला. तब्येत, पोरंबाळं, हवा कशी आहे, सगळं झालं. मग नेहमीचा प्रश्न.

"कुरकुम है?"

अविनाशला ठाऊक असतं, तरी तो दर वेळी उठून बघायला जातो. फोन कानाला लावूनच तो शेडमध्ये गेला, आच्छादन मागे केलं. उघड्या खिडकीतून मला तो दिसत होता. केस पांढरे, पाठीला जरा बाक. बाहेर कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं आणि गाडीचं नाक भिंतीशी, सावलीत होतं. त्याने बॉनेटवर हात ठेवला.

"है," तो फोनमध्ये म्हणाला. "बिलकुल है."

मग फोनवर हात ठेवून त्याने खिडकीकडे बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाला, "जरा फिकी झालीय गं. वाटी आण."